बासष्ट इंचांच्या कमरेचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे आणि मी मारकुटा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा लळा लागला तर मला दोष देऊ नका. बाकीच्या वस्तू स्वतःची गोष्ट सांगताना किती गोड बोलतात ते मी ऐकून आहे. खुर्ची म्हणते, मी सगळ्यांना बसायला दिलं. छत्री म्हणते, मी भिजले पण तुम्हाला भिजू दिलं नाही. मी काय सांगू? चौदा वर्षं मी एका माणसाची पँट वर धरली आणि त्याच चौदा वर्षांत त्याच्या बायकोला आणि दोन मुलींना झोडपलं. दोन्ही कामं इमानेइतबारे केली.

माझा जन्मही मारातूनच झाला. आधी मी एका म्हशीच्या पाठीवर सुखाने होतो. तिथून मला सुरीने सोलून काढलं, चुन्याच्या पाण्यात भिजत घातलं, माझे केस खरवडले. मग एका कारागिराने मला दगडी फरशीवर अंथरलं आणि लाकडी ठोकळ्याने बडव बडव बडवलं. "मऊ झाल्याशिवाय सोडत नाही तुला," असं तो कामाच्या भरात माझ्याशी बोलायचा. तो माणूस वाईट नव्हता. त्याचं कामच तसं होतं.

एके दिवशी दुकानाच्या दारातला उजेड अचानक कमी झाला. दारात माझे मालक उभे होते. बाजारातला एकही पट्टा त्यांच्या पोटाभोवती पोहोचत नव्हता. कारागिराने त्यांच्या कमरेला टेप लावला आणि ओशाळून म्हणाला, "शेठ, टेप संपला."

"मग दुसरा जोड की. टेप संपला तर मी काय करू, कमी होऊ?"

कंबर बासष्ट इंच भरली. कारागिराने मला दुहेरी शिवलं, तळहाताएवढं पितळी बक्कल लावलं आणि पाच भोकं पाडली. मालकांनी मला कमरेला बांधलं, आरशात पाहिलं आणि एकदम खूश झाले. मीही खूश झालो. आपण इतक्या मोठ्या माणसाच्या कामाला आलो, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

मालकांचं ट्रकच्या टायरचं दुकान होतं. मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत हवा भरायचा कॉम्प्रेसर, बाहेर टायरांची उतरंड. गंजलेल्या रिंगेवरून टायर सोडवायला इतरांना घणाचे पंधरा घाव लागत, मालकांना चार पुरत. ड्रायव्हर लोक चहा पिता पिता त्यांची गंमत करत. "शेठ, गाडी चिखलात रुतली तर पट्टा द्याल का ओढायला?" मालक सगळ्यांच्या वरताण हसायचे. पण ते हसू दुकानातच राहायचं, घरी यायचं नाही.

एकदा एका लग्नात त्यांच्याखाली खुर्ची मोडली. लोक फिदीफिदी हसले, मालकही हसले. घरी आल्यावर त्यांनी मालकीणबाईंना विचारलं, "तू का हसलीस?" त्या हसल्या नव्हत्या. मी तिथेच होतो, मला माहीत आहे. त्या दिवशी माझे चौदा फटके त्यांच्या पाठीवर पडले आणि पंधराव्याला बक्कल खांद्याच्या हाडावर लागलं.

तुम्ही म्हणाल, बिचारा माणूस, वजनामुळे चिडत असेल. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. घरासमोरचा न्हावी मालकांच्याच मापाचा होता आणि त्याच्या घरात मुलं त्याच्या पोटावर चढून उड्या मारायची. पण ते मला नंतर सुचलं.

आता घरातली एक रीत सांगतो. ती नीट लक्षात घ्या. मालक भडकणार हे आधी कळायचं. थोरली मुलगी आठ वर्षांची असतानाच तिने धाकटीला शिकवून ठेवलं होतं: कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, उगाच खेकसायला लागले की पळायचं. मालकीणबाईंनी पुढच्या खोलीच्या मधल्या दाराला स्वयंपाकघराच्या बाजूने एक जाड लोखंडी कडी बसवून घेतली होती. मालकांना सांगितलं, चोरांसाठी. लक्षणं दिसली की दोन्ही मुलींना घेऊन बाहेर यायचं, कडी लावायची आणि ओट्याशी गप्प बसायचं. आत मालक दार बडवत, शिव्या देत, मला भिंतीवर आपटत. आपटणं थांबलं तरी लगेच उघडायचं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा अर्धा फिरला की मगच उघडायचं.

हा अर्ध्या तासाचा नियम उगाच नव्हता. दोनदा मालक मुद्दाम गप्प बसले होते. मला मुठीला गुंडाळून दारामागे उभे राहिले, श्वाससुद्धा रोखून. मालकीणबाईंनी दार उघडलं आणि पहिल्याच फटक्यात त्यांचा ओठ फाटला. तेव्हापासून त्या घड्याळाशिवाय कोणावर विश्वास ठेवत नसत.

मग मालकांचं शरीरच त्यांना मारायला उठलं. रक्तात साखर वाढली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला. एकदा थोरलीला मारता मारता त्यांचा दम कोंडला आणि ते मला हातात धरूनच खाली बसले. उठता येईना. जिच्या पायावर माझे वळ ताजे होते, तिनेच त्यांना पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. वजन एकशे अडुसष्ट किलो.

डॉक्टर शांत बाई होत्या. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. जठराची छोटीशी पिशवी करायची आणि आतडं वळवून तिला जोडायचं. "फायदा मोठा आहे," त्या म्हणाल्या, "पण धोकेही ऐकून घ्या. जोडाच्या ठिकाणी गळती होऊ शकते. पायात रक्ताची गुठळी होऊन छातीत जाऊ शकते. पुढे जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतील, तपासण्या कराव्या लागतील. दारू नको, गोड नको. काही लोकांची साखर खाल्ल्यानंतर तासा-दोन तासांनी एकदम खाली कोसळते..."

"सही कुठे करू?" मालक म्हणाले.

"माझं संपलं नाही अजून."

"मॅडम, ट्रकच्या टायरमध्ये हवा भरतो मी. रिंग उडाली तर माणसाचं डोकं घेऊन जाते. मला धोके सांगू नका."

शस्त्रक्रिया झाली. मी कपड्यांबरोबर एका पिशवीत, खाटेखाली. तिसऱ्या दिवशी मालकांचं पोट दुखायला लागलं. नाडी धावत होती. नर्सने विचारलं, "दुखतंय का?" मालक म्हणाले, "नाही." दुखतं म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. चौथ्या दिवशी अंग तापलं, डाव्या खांद्यात कळा यायला लागल्या, तरी नाहीच. वॉर्डबॉय कुशीवर वळवायला आला तर त्याच्या तोंडात बुक्की मारली. त्याचा दात पडला, माझ्या पिशवीजवळ येऊन थांबला. त्या बुक्कीनंतर मालक खाटेवर आडवे झाले ते पांढरेफटक. जोड गळत होता. पोटात पू झाला होता. त्यांना पुन्हा कापलं, पोट धुऊन काढलं, नळ्या घातल्या. अकरा दिवस ते श्वासाच्या यंत्रावर होते आणि मालकीणबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्या देवाकडे नेमकं काय मागत होत्या, हे मी ओळखायचा प्रयत्न केला. मला ओळखता आलं नाही, आणि त्यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

मालक वाचले. घरी जाताना आहाराचं सांगणाऱ्या ताईंनी मालकीणबाईंना आणि थोरलीला समोर बसवलं आणि एक कागद वाचून दाखवला. साखर कोसळली की काय दिसतं: घाम, हातांना थरथर, जड जीभ, विनाकारण चिडचिड, कधी मारहाणसुद्धा. शुद्धीत असतील तर लगेच चमचाभर साखर द्या, मग उकडलेलं अंडं. शुद्ध गेली तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखान्याची गाडी बोलवा.

थोरलीने कागद दोनदा वाचला. "ताई, पण हे तर बाबांचं नेहमीचंच आहे."

ताई समजल्या नाहीत. त्यांना वाटलं, मुलगी म्हणतेय की आधीपासून साखरेचा आजार आहे. "हो, म्हणूनच जपायचं," असं म्हणून त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या. घरी तो कागद फ्रिजवर एकच दिवस टिकला. "माझ्या घरात मला नियम?" असं म्हणून मालकांनी त्याचे तुकडे केले.

मित्रांनो, नंतरच्या वर्षभरात मालक वितळत गेले. दर महिन्याला ते मला टायरखाली लावायच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवत आणि खिळा ठोकून नवं भोक पाडत. दुकानात कौतुकाला ऊत आला. "शेठ, अर्धे झालात की!" त्यांचं सत्तर किलो वजन गेलं. केसही गेले, हाडं दुखायला लागली, पोटाची सैल कातडी माझ्याखाली दुमडून चिघळायची. गोळ्या ते घ्यायचे नाहीत. पण आरशासमोर उभे राहिले की छाती फुगायची.

आणि हात? हात हलका झाला. पूर्वी सहाव्या फटक्याला त्यांना धाप लागायची. आता लागत नव्हती. पूर्वी धाकटी पलंगाखाली शिरली की ती वाचायची, कारण मालकांना वाकता येत नव्हतं. आता ते झपकन वाकून तिला पायाला धरून ओढत. माझं एक हात लांब टोक आता रिकामं लोंबायचं, आणि तेच पायांवर सर्रकन बसायचं. वजन उतरलं आणि मारणारा जागच्या जागीच राहिला. त्या न्हाव्याची आठवण मला तेव्हा झाली.

जेवण जात नव्हतं म्हणून मालकांना एक शोध लागला होता: गोड थंड पेयाची बाटली घशाखाली अलगद उतरते. भर दुपारी दुकानात ते एक बाटली रिचवत. तासाभराने घामाने निथळत, हात लटपटत, आणि मग काही खरं नसायचं. अशाच एका दुपारी त्यांनी एका ड्रायव्हरच्या गुडघ्यावर टायर काढायची पहार मारली. हाड मोडल्याचा आवाज कॉम्प्रेसरच्या गोंगाटातही ऐकू आला. थोड्या वेळाने विचारत होते, "याला काय झालं?" दुकानातले मिस्त्री घरी सांगायला आले. "वहिनी, शेठना खरंच काही आठवत नव्हतं."

मालकीणबाई म्हणाल्या, "मारल्यावर त्यांना कधीच काही आठवत नाही, भाऊ."

मग धाकटीचा दहावा वाढदिवस आला. रविवार होता. मालकांनी स्वतः मोठा केक आणला, दोन तुकडे खाल्ले आणि वर बाटली प्यायले. घरात हसणंखिदळणं चाललं होतं. धाकटी चक्क त्यांच्या शेजारी बसली होती. मालकीणबाई भांडी आवरायला लागल्या आणि तेवढ्यात मालकांच्या कपाळावर घाम दिसला.

थोरलीने आईकडे पाहिलं. आईने मुलीकडे. मालक उठले, अडखळले आणि धाकटीला म्हणाले, "तू कोण गं?"

"बाबा, मी..."

त्यांनी बक्कल उघडलं. मी सर्रकन बाहेर आलो. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याने दिवा फुटला. मालकीणबाई मध्ये आल्या तेव्हा बक्कल त्यांच्या गालात घुसलं आणि रक्ताची धार हनुवटीवरून केकवर पडली. त्यांनी दोघींना धरलं, बाहेर ढकललं आणि कडी लावली.

आत मी मालकांच्या मुठीत होतो. ते कपाटाला मारत होते. दार, माणूस, कपाट, त्यांना काहीच कळत नव्हतं. कपाटाची काच फुटली, त्यांच्या दुसऱ्या हाताचं मनगट कापलं, तरी मारतच होते. मग गुडघे मोडले आणि ते आडवे पडले, डोकं पलंगाच्या कोपऱ्यावर आपटून. जबडा आवळला गेला, जीभ दातात सापडली, सगळं अंग झटके द्यायला लागलं. टाचा फरशीवर ताडताड वाजत होत्या. मग त्याही थांबल्या.

बाहेर मोठा काटा फिरायला लागला असणार. चौदा वर्षं माझा आवाज ऐकून माणसं पळाली होती, आणि आता मला कोणीतरी यावं असं वाटत होतं. पण पट्ट्याला स्वतःहून आवाज करता येत नाही.

दारापलीकडचं बोलणं ऐकू येत होतं.

"आई, उघडूया."

"अर्धा तास झाला का?"

"नाही. पण..."

"मग बस खाली. दोनदा फसलेय मी. गप्प बसतात आणि उघडलं की..." मालकीणबाईंचा आवाज फाटक्या गालातून येत होता.

"आई, साखर उतरली असेल. त्या ताईंनी सांगितलं होतं ना? घाम, थरथर, जीभ..."

"रोज येतो त्यांना घाम! चौदा वर्षं येतोय! कुठला घाम कुठला, ते मी काय हुंगून सांगू?"

 मग धाकटीचा बारीक आवाज आला. "बाबा कपाटाला मारत होते, काच फुटलेली ऐकली मी. बाबा कपाटाला कधीच मारत नाहीत. आपल्यालाच मारतात."

कडी सरकली. मालकीणबाईंनी थोरलीचा दंड धरला होता, तो तिने सोडवला असावा. दार हातभर उघडलं. ती आत आली ती एका हाताने डोकं झाकून. आधी तिने दारामागे पाहिलं. मग खाली पाहिलं.

तिने धावत येऊन वडिलांना कुशीवर वळवलं. तोंडातलं रक्त पुसलं. "आई, गाडी बोलव! मनगटाला फडकं बांध, पण तोंडात काही घालू नका!" गाडी आली. गाडीवरच्या माणसाला सलाईनसाठी चांगला हात हवा होता, आणि त्या हाताच्या मुठीत मी करकचून गुंडाळलेला होतो. "हा पट्टा काढा आधी," तो म्हणाला. थोरलीने एकेक बोट उलगडलं. ती रडत होती आणि दात-ओठही खात होती. साखर सव्वीस भरली, ती सत्तरच्या वर हवी. माणसाने शीळ घातली आणि सुई खुपसली.

चार दिवसांनी मालक घरी आले. जिभेला टाके, मनगटाला टाके. मालकीणबाईंच्या गालाला सात टाके. घरात टाक्यांचीच मोजदाद. डॉक्टरांनी मालकांना यावेळी दोन तास बसवून सगळं ऐकवलं होतं: हे पुन्हा होईल, गोड सोडलं नाही तर नक्की होईल, आणि तेव्हा घरच्यांनी लगेच धावून यायला हवं.

मालक पुढच्या खोलीत बसले. मी शेजारी, पिशवीतून काढून ठेवलेला. त्यांनी थोरलीला विचारलं, "मी किती वेळ बंद होतो?"

"अठरा मिनिटं."

"अठरा मिनिटं मी मरत होतो आणि तुम्ही बाहेर बसला होतात?" त्यांचा हात माझ्यावर आला. सवयच ती.

थोरली मागे सरकली, पण बोलायची थांबली नाही. "ओळखू येत नव्हतं, बाबा. साखर उतरली की तुम्ही असे दिसता. आणि नाही उतरली तरी असेच दिसता."

मालकांचा हात तिथेच राहिला.

"मग ओळखायचं कसं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला पहिल्यांदाच काही खरोखर विचारलं.

"एकच उपाय आहे. तुम्ही आम्हाला कधीच मारलं नाही, तर चिडलात की आम्हाला कळेल, हे दुखणं आहे. आम्ही पळत आत येऊ. नाहीतर आम्ही अर्धा तास थांबणार. मी थांबणार."

 मालकांनी मला उचललं. मालकीणबाई दाराशी ताठ उभ्या राहिल्या. मालकांनी मला गुंडाळलं, चांगलं घट्ट, आणि थोरलीच्या पुढ्यात ठेवलं.  त्यांनी माफी मागितली असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मागितली नाही.

त्यानंतर ते नाडीच्या पँटी घालायला लागले. मला थोरलीने माळ्यावरच्या पेटीत टाकलं. पेटीला फट आहे, तिच्यातून पुढची खोली दिसते. सात महिने झाले, त्यांनी कोणावर हात उगारलेला नाही. सात महिने म्हणजे फार नाहीत, हे मलाही समजतं.

परवा दुपारी त्यांना पुन्हा घाम आला. हात लटपटले, धाकटीवर ते ओरडले. मालकीणबाई ताडकन उठल्या. त्यांचा हात आधी कडीकडे गेला. मग थांबला, आणि त्या साखरेचा डबा घेऊन आत आल्या. मालकांनी दोन्ही पाहिलं. साखर तोंडात घेतली, अंडं खाल्लं, घाम उतरला. मग ते भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ बसून राहिले आणि धाकटीने पाणी आणून ठेवलं तरी वळले नाहीत.

मित्रांनो, वजन उतरवायचं असेल तर डॉक्टरांचं पूर्ण ऐका. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, त्यात लाज नाही. गोळ्या घ्या, कागद फाडू नका. आणि घरात असं वागा की तुम्ही ओरडलात तर माणसं तुमच्याकडे धावतील.

बाकीच्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा, तेलपाणी करा. माझी विनंती उलटी आहे. मला तेल लावू नका. मी कडक होतो आहे, मला तडे जाताहेत, बक्कल हिरवं पडलंय. तसंच चालू द्या. कधी पेटी आवरायला काढलीत आणि मी हाताला लागलो, तर मला ताणून पाहू नका. परत ठेवा आणि झाकण लावा.